लंडनची म्युझियम्स आई-बाबांना फुकटच राहणार ना? आणि दारातल्या त्या पाच पौंडांचं काय करायचं?

सई_मिल्टनकीन्स

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून येतायत, पहिल्यांदाच. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. कुठे कुठे जायचं याची त्यांची यादी व्हिसा यायच्या आधीच तयार होती. ब्रिटिश म्युझियम सगळ्यात वर, मग व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, मग नॅशनल गॅलरी. नातीसाठी नॅचरल हिस्टरीमधला देवमासा. आम्ही मिल्टन कीन्सला राहतो, त्यामुळे लंडनच्या युस्टन स्टेशनला उतरलं की ब्रिटिश म्युझियम चालत जाण्यासारखं आहे. पण चौघांचं ट्रेनचं भाडंच इतकं होतं की पुढचा खर्च आधी माहीत असलेला बरा.

ऑफिसमध्ये एकाने सांगितलं की परदेशी पाहुण्यांना तिकीट लावायचं चाललंय. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील. त्यांना लागणार का? मुलगी आणि मी इथल्या, ते दोघं परदेशी, म्हणजे एकाच घरातल्या माणसांना दोन दर?

दुसरं, मागच्या वेळी गेले तेव्हा आत शिरतानाच पाच पौंड देणगी सुचवणारी पाटी होती, शेजारी कार्ड टेकवायचं यंत्र. मी टेकवलं आणि पुढे गेले. पण बाबा तिथेच उभे राहून माणशी पाच, चौघांचे वीस, वीसचे रुपये किती हा हिशोब करणार. आणि नाही दिले तर आत गेल्यावरही त्यांच्या डोक्यातून ते जाणार नाही. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची पावती जपून ठेवलेला माणूस आहे.

आणि एक गोष्ट आहे तिचं उत्तर मला स्वतःलाच सापडत नाहीये. अजिंठ्याला आपण ४० रुपये देतो आणि परदेशी माणूस ६००. हे मी लहानपणापासून बघत आले आणि कधी वावगं वाटलं नाही. मग उद्या लंडनने माझ्या बाबांकडून जास्तीचे मागितले तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

ताळेबंद

सई, आधी कामाचं. सध्या तरी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या राष्ट्रीय म्युझियम्सचा कायमचा संग्रह सगळ्यांना मोफत आहे, पासपोर्ट कुठलाही असो. तुमच्या यादीतली सगळी त्यात येतात. सायन्स म्युझियम, टेट, इम्पीरियल वॉर म्युझियमचं लंडनमधलं मुख्य ठिकाणही त्यातच. आतल्या खास प्रदर्शनांना मात्र वेगळं तिकीट असतं. टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबी, चर्चिल वॉर रूम्स यांना पैसे पडतात आणि चांगलेच पडतात. ही ठिकाणं बाबांच्या यादीत असतील तर आधीच बोलून घ्या. देणगी ऐच्छिक आहे. कोणी अडवत नाही.

आता मत. मी व्यवसायाने हिशोबनीस, हॅरोला राहतो, या देशात बरीच वर्षं टॅक्स भरतोय. फुकट म्हणजे कोणीतरी दुसरा भरतोय. ब्रिटिश म्युझियमला २०२४ मध्ये सुमारे ६५ लाख लोक आले आणि तिथे अर्ध्याहून जास्त पाहुणे परदेशी असतात. म्हणजे ज्या गावातलं लायब्ररीचं दार पैशाअभावी बंद झालं, त्या गावचा माणूस लंडनला सहलीला आलेल्याचा खर्च उचलतोय. ब्रिटिश म्युझियमचे हंगामी संचालक म्हणून काम केलेल्या सर मार्क जोन्स यांनीच २०२४ मध्ये म्हटलं होतं की परदेशी पाहुण्यांकडून २० पौंड घ्यावेत. जग त्याच दिशेने चाललंय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये पूर्वी मनाला येईल ते द्या असं होतं. मार्च २०१८ पासून राज्याबाहेरच्यांना ठरलेलं तिकीट. पॅरिसच्या लूव्हरने जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पाहुण्यांचा दर २२ वरून ३२ युरो केला.

लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो, कारण हा माझा विषय आहे. इथे तिकीट लावणारं म्युझियम हिशोबाच्या भाषेत व्यवसाय करतं, म्हणून त्याला खरेदीवर भरलेला व्हॅट परत मिळतो. दार मोफत ठेवलं की तो व्यवसाय राहत नाही आणि व्हॅट परत मिळायचा बंद. म्हणजे तिकीट काढून टाकणाऱ्याला दुहेरी फटका. नव्वदच्या दशकात अनेकांचं गाडं इथेच अडलं होतं. शेवटी २००१ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी व्हॅट कायद्यात ३३ए हे नवं कलम घालून मोफत म्युझियम्सना तो परतावा द्यायची सोय केली आणि त्याच वर्षअखेर सगळी दारं उघडली. मुद्दा एवढाच की हे मोफत प्रकरण हिशोबावर उभं आहे. हिशोब बदलला तर त्याचाही पुन्हा विचार व्हायला हवा. तुमच्या अजिंठ्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे: ते ६०० घेतात ते बरोबरच, आणि इथे घेतले तरी बरोबरच.

दारावरची_मिरजकर

सई, सांगली वाचलं आणि राहवलं नाही. मी मिरजेची. मिडलंड्समधल्या एका शहरात म्युझियमच्या दारात उभं राहायची माझी नोकरी आहे. पद व्हिजिटर असिस्टंटचं. काम म्हणजे आलेल्याशी दोन शब्द बोलायचे, हातातल्या काउंटरचं बटण दाबायचं, टॉयलेट कुठे ते सांगायचं, आणि भुसा भरलेल्या कोल्ह्याच्या शेपटीला पोरांचे हात लागू द्यायचे नाहीत. आमचं म्युझियम लंडनवाल्यांसारखं सरकारचं नाही, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पैशावर चालतं. तिकीट नाही. दर मार्चमध्ये पुढच्या वर्षी काय होणार याची धाकधूक मात्र असते, त्यामुळे पैसे कुठून येतात हा प्रश्न मला परका नाही.

ताळेबंद दादा, व्हॅटचं तुम्ही सांगितलंत ते सोळा आणे खरं. पण दारातून जे दिसतं ते ताळेबंदात येत नाही, म्हणून लिहिते.

आपली माणसं, म्हणजे मराठी, गुजराती, पंजाबी, सगळी धरून म्हणतेय, आत आली की सरळ माझ्या टेबलाशी येतात. हात पर्सकडे गेलेला असतो. किती, असं विचारतात. मी सांगते, काही नाही. मग नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. आजोबा असतील तर पुन्हा विचारतात, वरच्या मजल्याचे किती? वरचेही काही नाही. तरी जिन्याशी जाऊन एकदा मागे वळून बघतात, कोणी हाक मारतंय का म्हणून. तुमच्या बाबांचं वाचलं तेव्हा मला हेच डोळ्यांसमोर आलं. थोड्या दिवसांनी तेच आजोबा नातवाला घेऊन येतात तेव्हा माझ्याकडे बघतही नाहीत, थेट डायनासोरकडे जातात. मला तेव्हा फार बरं वाटतं.

तिकीट नसलं की माणूस वीस मिनिटांसाठी येतो. मोफत असण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच दिसतो आणि याबद्दल कोणी बोलत नाही. समोर बसस्टॉप आहे, पाऊस आला की लोक आत येतात आणि बस येईपर्यंत एक दालन बघून होतं. एक गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत येतात, बंदराचं एक चित्र आहे त्याच्यासमोर बसतात आणि जातात. एक आई तिच्या मुलाला घेऊन येते. त्याला ऑटिझम आहे, आवाज फार झाला की त्याला सोसत नाही. कधी दहा मिनिटांत बाहेर पडावं लागतं. ती हसून सांगते, पुढच्या आठवड्यात बघू. चौदा-पंधरा पौंड भरून आत आलेली आई दहा मिनिटांत बाहेर पडू शकेल का? ती मुळात येणारच नाही.

याआधी मी दुसऱ्या शहरात एका ठिकाणी होते. नाव घेत नाही. तिथे मोठी दुरुस्ती झाली आणि उघडताना तिकीट लावलं. शहरातल्या रहिवाशांना मोफत, फक्त पत्त्याचा पुरावा दाखवा. कागदावर किती छान दिसतं! प्रत्यक्षात पुरावा म्हणून मागायचं काय, तर कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे घरपट्टीसारखं, बिल. ते कोणाच्या नावावर असतं? घरमालकाच्या किंवा ज्याने भाडेकरार केला त्याच्या. हॉस्पिटलमधल्या नर्स मुली, एका घरात पाच-सहा जणी राहणाऱ्या, केरळच्या, नागपूरच्या, फिलिपिन्सच्या, त्यांच्या नावावर एक कागद नाही. त्या त्याच शहरात राहतात, त्यांच्या पगारातून टॅक्स कापला जातो, आणि मी त्यांना सांगायचं की तुम्ही रहिवासी आहात हे सिद्ध होत नाही. स्वतःचं घर असलेल्या, गाडीने आलेल्या माणसाकडे बिल बरोबर असायचं. मोफत प्रवेश ज्यांना मिळायला हवा होता त्यांनाच खिडकीवर अडकावं लागलं.

आतल्या लोकांचं वागणंही बदललं. आयांच्या तोंडून एक वाक्य मी सारखं ऐकायला लागले: पैसे भरलेत, नीट बघ. दमलेली पोरं शेवटच्या दालनापर्यंत ओढत नेली जायची. लोक जास्त वेळ थांबायला लागले, ते आकडे वरच्यांना आवडले. पण तीच माणसं पुन्हा दिसेनात. आणि एक बाई, बाबागाडी आणि वर एक चालतं मूल, बाहेरची दराची पाटी वाचली, मुलाला काहीतरी सांगितलं आणि गाडी वळवली. मी काचेतून बघत होते. परत गेलेल्या माणसासाठी काउंटरला बटण नसतं.

आता परदेशी लोकांचं. दादा, तुमचा हिशोब मला मान्य आहे असं क्षणभर धरू. पण ते २० पौंड घ्यायचे कसे? या देशात ओळखपत्र खिशात बाळगायची सक्ती नाही. मँचेस्टरहून आलेला माणूस आणि मेलबर्नहून आलेला माणूस दारात वेगळा कसा ओळखायचा? एक तर प्रत्येकाला विचारायचं, म्हणजे जो मोफत येणार त्यालाही रांगेत उभं करून कागद मागायचा. नाहीतर चेहरा बघून, बोलणं ऐकून ठरवायचं. नियम काहीही असो, रांग रस्त्यापर्यंत गेली की दारातला माणूस दुसऱ्या मार्गाला लागतो. मी दारात उभी राहते म्हणून सांगते. आणि मग इथे जन्मलेल्या, इथली भाषा बोलणाऱ्या आपल्या पोरांना आधी विचारलं जाईल आणि स्वीडनहून आलेला सोनेरी केसांचा माणूस आत गेलेला असेल. आपल्याकडे काय होतं? ईशान्येकडच्या आपल्याच नागरिकांना स्मारकांच्या तिकीटखिडकीवर भारतीय असल्याचा पुरावा मागितल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत.

म्हणून सई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. अजिंठ्याला खिडकी आधीपासून आहे. तिथे सगळेच तिकीट काढतात, वाद फक्त दराचा. इथे आज खिडकीच नाही. परदेशी माणसाला तिकीट लावायचं म्हणजे सगळ्यांसाठी खिडकी बांधायची. तुमच्या बाबांचे २० पौंड हा त्यातला लहान भाग. खरं नुकसान बसस्टॉपवरून आत येणाऱ्या लोकांचं, ऑटिझम असलेल्या त्या मुलाचं.

पैसा नसला तरी खिडकी माणसाला अडवते, हे ब्रिटिश म्युझियमच्याच इतिहासात आहे. १७५९ मध्ये ते उघडलं तेव्हाही प्रवेश मोफत होता, पण आधी लेखी अर्ज करून तिकीट मिळवावं लागायचं. कोण करणार अर्ज? ज्याला लिहिता येतं आणि दिवसा सवड आहे तो. साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियमने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने, पुढे १८५७ पासून गॅसचे दिवे लावून संध्याकाळी दार उघडं ठेवलं, कारण कामगार दिवसा येऊ शकत नव्हता. आठवड्यातले काही दिवस तिथे सहा पेन्स घेत, बाकीचे दिवस मोफत. म्हणजे हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. १९७४ च्या जानेवारीत पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने राष्ट्रीय म्युझियम्सना १० पेन्स तिकीट लावलं, निवडणुकीत सरकार गेलं आणि मार्चमध्ये तिकीटही गेलं. मग पैशाची ओढाताण सुरू झाल्यावर नॅचरल हिस्टरीने १९८७ मध्ये, सायन्स म्युझियमने १९८८ मध्ये आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने १९९६ मध्ये तिकीट लावलं. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी मात्र त्या काळातही हटली नाहीत. २००१ च्या शेवटी सगळी पुन्हा मोफत झाली आणि आधी तिकीट असलेल्या म्युझियम्समध्ये येणाऱ्यांची वर्षाची संख्या दहा वर्षांत सुमारे ७० लाखांवरून पावणेदोन कोटींच्या पुढे गेली.

परदेशी पाहुण्यांकडून पैसे घ्यायचेच असतील तर हॉटेलात घ्या. तिथे नाव-पत्ता लिहिलाच जातो, कोणाच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. मँचेस्टरमध्ये एप्रिल २०२३ पासून शहराच्या मध्यभागातल्या हॉटेलांत खोलीमागे रात्रीला एक पौंड घेतात. एडिंबराने जुलै २०२६ पासून राहण्याच्या बिलावर ५ टक्के ठरवलेत. तो पैसा म्युझियमकडे वळवा म्हणून भांडा, मी तुमच्याबरोबर येते.

अजबबंगला_प्रेमी

मिरजकरताई, प्रतिसाद फार आवडला. मी नागपूरचा, निवृत्त शिक्षक. आमच्याकडचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं आहे. पण इथे कोणाला मध्यवर्ती संग्रहालय विचाराल तर सांगता येणार नाही. अजब बंगला म्हणा, रिक्षावाला सोडून देईल. पूर्वी खेड्यातून नागपूरला आलेला माणूस अजब बंगला पाहिल्याशिवाय गावी परतत नसे.

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. आपल्याकडे सरकारी संग्रहालयाचं तिकीट बहुतेक ठिकाणी चहा-नाश्त्यापेक्षा स्वस्त असतं. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी तर १५ वर्षांखालच्या मुलांना तेही नाही. तरी मुलं येत नाहीत, कारण शाळेची अडचण तिकीट ही नसतेच. अडचण बसची असते. मी कितीदा तरी सहल ठरवली आणि बसचं भाडं ऐकून पालकसभेत विषय गुंडाळावा लागला. शाळेपासून संग्रहालयापर्यंतची बस कोणी दिली तर मी तिकिटाबद्दल अवाक्षर काढणार नाही.

आणि आत गेल्यावर? दालन दुरुस्तीसाठी बंद. चालू असलेल्या दालनात मूर्तीखाली लिहिलेलं असतं: विष्णू, पाषाण, अकरावं शतक. संपलं. सातवीतल्या मुलाने त्यातून काय घ्यायचं? तो विचारतो, सर, हे कुठे सापडलं, कोणी बनवलं, हात कसा तुटला. उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं. ताईंसारखं दारात उभं राहून बोलणारं माणूस मला आमच्याकडे क्वचित भेटलं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. एका माणसाने घरोघरी हिंडून अडकित्ते, दिवे, गंजिफा, दरवाजे जमवले आणि पुढे सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. तिथे मुलं रमतात, कारण आजीच्या स्वयंपाकघरातली वस्तू काचेआड दिसते. तिकीट आहे, तरी रमतात.

माझं गाऱ्हाणं दुसरं आहे. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. ज्या लेण्यापाशी तो गोळा झाला त्या लेण्याला त्यातला किती परत येतो हे तिथल्या पाणी नसलेल्या नळांवरून समजून घ्यावं. माझ्या ४० रुपयांतून तिथे एक माहिती सांगणारा माणूस उभा राहणार असेल तर माझ्याकडून १०० घ्या.

ताळेबंद

हॉटेलवरच्या कराचं पटलं. खरं सांगायचं तर वसुलीचा खर्चही त्यात कमी, खिडकी आणि तिच्यावरचा पगारी माणूस वाचतो. पण एक मुद्दा अजून उरतो. मोफत झाल्यावर संख्या वाढली, पण वाढली कोणाची? मी जे अहवाल वाचले त्यांत हेच दिसतं की शिकलेला, बऱ्या पगाराचा वर्ग आधीही येत होता आणि आता तोच जास्त वेळा येतो. गरीब वस्तीतला माणूस तिकीट नसूनही येत नसेल तर हा सगळा खटाटोप कोणासाठी? हे मी वाद घालायचा म्हणून म्हणत नाही, मला खरंच कळून घ्यायचं आहे.

सई_मिल्टनकीन्स

किती छान लिहिलंत सगळ्यांनी! मिरजकरताई, तुमचा प्रतिसाद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. जिन्याशी वळून बघणाऱ्या आजोबांचं ऐकून आई म्हणाली, हे हुबेहूब हेच. बाबांनी दोन गोष्टी विचारायला सांगितल्यात. ब्रिटिश म्युझियम एका दिवसात पूर्ण होतं का, आणि देणगीच्या पेटीत किती टाकावेत म्हणजे बरं दिसेल. दुसऱ्या प्रश्नावर ते ठाम आहेत, काहीतरी टाकल्याशिवाय आत जाणार नाहीत.

दारावरची_मिरजकर

ताळेबंद दादा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते आम्हाला रोज दिसतं. दार उघडं ठेवलं की सगळे आपोआप आत येतात असं नाही. संगमरवरी पायऱ्या बघून बिचकणारी माणसं आहेत, त्यांना वाटतं ही जागा आपली नव्हे. आमच्याकडे त्यांना आणणारं एकच हुकमी माणूस आहे: शाळेच्या सहलीत येऊन गेलेलं मूल. ते शनिवारी आईचा हात धरून येतं आणि आईला रस्ता दाखवतं. ममी कुठे आहे हे त्याला माहीत असतं, आईला नसतं. दारात तिकीट असतं तर त्या शनिवारी आई आली नसती. नागपूरच्या सरांचा बसचा मुद्दा इथेही तसाच लागू आहे. आमच्याकडेही जवळच्या, चालत येणाऱ्या शाळा जास्त येतात. मला विचाराल तर मोफत दारानंतरचा पहिला पैसा बसवर खर्च व्हावा आणि दुसरा दालनात उभं राहून बोलणाऱ्या माणसांवर.

सई, बाबांना सांगा, ब्रिटिश म्युझियम एका दिवसात होत नाही आणि करूही नका. मोफत आहे त्याचा फायदाच हा. तुम्ही युस्टनला थेट येणाऱ्या गाडीच्या मार्गावर राहता, दोन-अडीच तास बघा, बाहेर पडा, रसेल स्क्वेअरच्या बागेत डबा खा आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा या. त्यांच्या वेबसाइटवर मोफत वेळ राखून ठेवता येते, ती आधी घ्या. दारात बॅगा तपासतात, त्यामुळे मोठ्या बॅगा नकोत. जूनमध्ये शाळांच्या सहलींचा हंगाम असतो. दुपारी दोननंतर पोरं परतीच्या बसला लागतात आणि रोझेटा शिळेपाशी जरा उभं राहता येतं. शुक्रवारी संध्याकाळी साडेआठपर्यंत उघडं असतं, आईंचे गुडघे दुखत असतील तर तीच वेळ बरी. बाबा इतिहासाचे, त्यांना अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव दगड आवर्जून दाखवा. आंध्रातल्या त्या स्तूपाचे बरेच दगड तिथे मांडलेले आहेत, आणि ते तिथे कसे पोहोचले यावर बाबांना बोलायला खूप असेल.

पेटीचं. टेबलाशी उभं राहून आम्ही कोण टाकतंय कोण नाही हे बघत नाही. आम्हाला तशी सूचनाही नसते आणि इच्छाही. बाबांना टाकायचेच आहेत तर एक पौंडाचं नाणं टाकू दे, नाणं पडल्याचा आवाज येतो, त्यांना समाधान मिळेल. पण मोठी रक्कम द्यायची असेल तर ती सई, तुम्ही द्या, बाबांनी नको. तुम्ही इथे टॅक्स भरता. देताना गिफ्ट एडचा फॉर्म भरलात तर तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकार म्युझियमला वरून पंचवीस पेन्स देतं. बाबांच्या पौंडावर ते मिळत नाहीत, कारण ते इथले करदाते नाहीत. पावतीही ईमेलवर येते, ती त्यांना फॉरवर्ड करा.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला जायचा बेतही शुक्रवारचाच ठेवा, ते रात्री दहापर्यंत उघडं असतं. फक्त दोन्ही एकाच शुक्रवारी नको, आई दमतील.